प्रदेशाध्यक्षांस अनावृत पत्र

प्रति,
मा. प्रदेशाध्यक्ष (पक्ष कोणताही)
विषय : पक्षाच्या करधोरणावर अध्यक्षांचा ठसा, आढळल्यास.

महोदय,

प्रदेशाध्यक्ष हे पद राज्यघटनेत नाही. राज्याचा कर धन विधेयकातून येतो. ते राज्यपालांच्या शिफारशीने विधानसभेतच मांडले जाते आणि विधान परिषदेला 14 दिवसांपलीकडे अडवता येत नाही. या वाटेत पक्षकार्यालय कुठेच लागत नाही. अध्यक्षांच्या वाट्याला जाहीरनामा येतो, आणि करवाढ विरोधकांची असेल तर मोर्चा.

यवतमाळ जिल्ह्यातले उदाहरण दारव्ह्याचे. तिथले माणिकराव ठाकरे 2008 ते 2015 प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीतली बहुतेक वर्षे मुख्यमंत्री काँग्रेसचा होता, पण अर्थखाते 1999 ते 2014 राष्ट्रवादीकडे. म्हणजे पक्षाला अध्यक्ष होता, सत्ता होती, फक्त तिजोरीची किल्ली मित्रपक्षाच्या कमरेला होती. महापालिकांत जकातीच्या जागी आलेल्या एलबीटीविरुद्ध (स्थानिक संस्था कराविरुद्ध) 2013 मध्ये व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, तेव्हा रोष मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांवर होता. प्रदेशाध्यक्षांवर रागावण्याचेही कुणाला सुचले नाही.

व्हॅट 2005 मध्ये आला तेव्हा अर्थमंत्री जयंत पाटील होते. 2018 मध्ये तेच राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष झाले. तेव्हा पक्ष विरोधात होता आणि हाती उरली अर्थसंकल्पावरची प्रतिक्रिया.

त्याआधीचे उदाहरण पुसदचे. तिथले वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. दुष्काळात त्यांच्या सरकारने रोजगार हमी हाती घेतली. कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. तिच्या खर्चासाठी 1975 चा व्यवसाय कर आला, तो पगारातून आजही कापला जातो. पागे लोकांच्या लक्षात आहेत, नाईक तर आहेतच. त्या वेळचे प्रदेशाध्यक्ष कोण, हे सांगायला पक्षाचे जुने दप्तर काढावे लागेल.

2017 च्या जीएसटीनंतर अर्थमंत्र्यांचेही हात बांधले गेले. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर जिनिंगवाल्याने 5 टक्के जीएसटी स्वतः भरायचा, ही रिव्हर्स चार्जची तरतूद 15 नोव्हेंबर 2017 पासूनची. ती बदलायची तर महाराष्ट्राच्या एकट्या मताने भागत नाही. मग प्रदेशाध्यक्षांच्या निवेदनाचे वजन कोणत्या काट्यावर करायचे, हा जिनिंगवाल्यांचा प्रश्न आहे.

कळावे.

प्रत : मा. अर्थमंत्री, कार्यवाहीस्तव.
मा. प्रदेशाध्यक्ष, केवळ माहितीस्तव.