अडतेसाहेब

जेलन ड्युरेनला आजवर किती वेळा विकला, याचा हिशेब खुद्द अडतेसाहेबांकडेही नसेल. युटाला विकला, टोरांटोला विकला, एकदा तर सकाळी अटलांटाला देऊन दुपारच्या चहाला परत आणला. ड्युरेन हा बास्केटबॉल खेळणारा विशीतला, जवळजवळ सात फुटी पोरगा. तो आपला डेट्रॉइटमध्ये मुकाट्यानं सराव करत होता. नोव्हाय नावाच्या उपनगरात, एका तळघरात आपला रोज लिलाव होतो, याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

अमेरिकेतल्या प्रत्येक हरणाऱ्या संघामागे अशा माणसांची एक पलटण असते. संघ जिंकत असला की चाहता सामना बघतो; हरायला लागला की तो मॅनेजर होतो. कुणाला द्यायचं, कुणाला घ्यायचं, नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधली कुठली निवड वर घालायची, याची जुळवाजुळव तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे आणि सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायातही करत असतो. अडतेसाहेब त्यातलेच. फरक एवढाच, की धंदा त्यांच्या रक्तात आहे.

आडनाव त्यांचं वेगळं. ‘अडते’ ही इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी बहाल केलेली पदवी. वडील, म्हणजे आप्पा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते. सारी हयात सौद्यांत गेली. पोरानं शिकावं म्हणून त्यांनी त्याला यार्डाची पायरी चढू दिली नाही. पोरगा इंजिनिअर झाला, डेट्रॉइटला आला आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या परचेस खात्यात बसला. तिथं दिवसभर ‘बोल्टामागे अर्धा सेंट कमी करा’ म्हणून तो लोकांच्या विनवण्या करतो आणि कुणी करत नाही. मग संध्याकाळी घरी येऊन तो एक अख्खा फॉरवर्ड जवळजवळ फुकटात पदरात पाडून घेतो.

साहेब डेट्रॉइटला आले ते २००४ च्या जानेवारीत. बास्केटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. फेब्रुवारीत तिथल्या पिस्टन्स संघानं ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करून रशीद वॉलेसला आणलं आणि जूनमध्ये कोबी-शकीलच्या लेकर्सना ४-१ असं लोळवून अजिंक्यपद पटकावलं. साहेबांनी त्यातून धडा घेतला : एक माणूस आणला की काम होतं. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याच संघानं चॉन्सी बिलप्सला डेन्व्हरला देऊन अ‍ॅलन आयव्हरसनला घेतलं आणि सलग सहा वर्षं कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत पोचलेला संघ उताराला लागला. दुसरा धडा : एक माणूस दिला की वाट लागते. या दोन धड्यांच्या मध्ये प्रशिक्षक, सराव, वय, दुखापती आणि नशीब असतं, हे साहेबांच्या अभ्यासक्रमात आलंच नाही.

दाखले मात्र ते थेट १९९७ पासूनचे देतात. त्या वर्षी पिस्टन्सनी ओटिस थॉर्पला व्हँकुव्हरला दिलं आणि बदल्यात पुढची एक निवड लिहून घेतली. २००३ मध्ये ती दुसऱ्या क्रमांकाची निघाली. “हुंडी बघा, सहा वर्षांनी वटली!” हे सांगताना साहेबांचा आवाज अजून कापरा होतो. त्या निवडीवर डार्को मिलिचिच घेतला आणि पाठोपाठचे कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड दुसऱ्यांकडे गेले, अशी कुणी आठवण करून दिली की ते शांतपणे म्हणतात, “तो ड्राफ्टचा प्रश्न. ट्रेड उत्तमच होता.”

स्वतःच्या पेन्शन फंडात किती पैसे आहेत, हे विचारायला त्यांना वहिनींना फोन करावा लागतो. पण २०२३-२४ मध्ये संघाच्या एकूण पगाराची मर्यादा १३ कोटी ६० लाख डॉलर होती, हे झोपेतून उठवून विचारा. उन्हाळ्यात करार केलेल्या खेळाडूला साधारणपणे १५ डिसेंबरपर्यंत हलवता येत नाही, हेही त्यांना पाठ. टेड स्टेपियनवर तर त्यांचा जुना दात आहे. क्लीव्हलँडच्या या मालकानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या फेरीच्या निवडी अशा काही उधळल्या, की पुढच्या लागोपाठच्या दोन वर्षी पहिल्या फेरीत हात रिकामे राहतील असा ट्रेड करायचा नाही, असा नियमच झाला. “एकानं शेण खाल्लं आणि आमचे हात बांधले,” साहेब म्हणतात. जणू तो नियम नसता तर त्यांनी डेट्रॉइटला केव्हाच वर काढलं असतं.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे संगणकावरचं ट्रेड मशीन. दोन्हीकडचे खेळाडू भरायचे. पगार नियमात बसले की हिरवा शेरा येतो. हे मशीन फक्त पगार तपासतं. समोरच्याची अक्कल ठिकाणावर आहे का, हे तपासायची सोय त्यात नाही. साहेबांना मात्र हिरवा शेरा म्हणजे समोरच्याची सही वाटते. ते त्याची रंगीत प्रिंट काढतात.

२०२३ च्या दिवाळीत त्यांनी मला सगळा व्यवहार फराळाच्या ताटात समजावून सांगितला. “हा बेसनाचा लाडू म्हणजे लॉरी मार्कनन. युटाचा. सात फूट उंची आणि लांबून नेम. हा आपल्याला हवाय.” लाडू त्यांनी स्वतःच्या ताटलीच्या कडेला सरकवला. “आता पगार जुळवायला ही करंजी. जो हॅरिस. पगार दोन कोटींच्या घरात.” मी करंजी हलवून पाहिली, आत सारण खुळखुळत होतं, म्हणजे नावालाच होतं. “ही चकली किलियन हेज. जरा तुटलीय, पण चव आहे. आणि वर हा चिमूटभर चिवडा. दुसऱ्या फेरीची निवड.” हे सगळं त्यांनी माझ्या ताटलीत लोटलं. मी युटा होतो.

“साहेब, पण मी लाडू का देऊ?”

“कारण तुम्ही नव्यानं संघ बांधताय.”

“मला कुणी सांगितलं?”

“मशीननं हिरवा दाखवलाय,” साहेब म्हणाले. मी लाडू उचलून तोंडात टाकला आणि वाटाघाटी तिथंच फिसकटल्या.

तेवढ्यात सांगलीहून आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. साहेबांनी त्यांनाही सौदा ऐकवला. आप्पांनी मार्कनन कोण, युटा कुठं, काही विचारलं नाही. चष्मा वर करून एवढंच म्हणाले, “समोरच्याला काय पडतं यात?”

“म्हणजे?”

“अरे, यार्डात जन्म गेला माझा. शेतकऱ्यालाही परवडलं पाहिजे आणि घेणाऱ्यालाही, तर सौदा टिकतो. नुसतं आपलंच भलं असलं तर दुसऱ्या दिवशी मोडतो बघ.”

“आप्पा, एनबीएत वेगळं असतं.”

“का? तिथली माणसं खुळी आहेत?”

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “काही काही आहेत,” ते म्हणाले.

त्यांच्या सगळ्या व्यापाराचं भांडवल हेच. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी ऑफिसात एक खुळा माणूस बसलाय, आणि तो आपल्या फोनची वाट पाहतोय. इतकी वर्षं हरणाऱ्या संघावर जीव लावायचा, तर एवढी श्रद्धा लागतेच. दुसरा माणूस एव्हाना गोल्फकडे वळला असता.

त्या वर्षी तर श्रद्धेची कसोटीच लागली. पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकून पिस्टन्सनी जी हरायला सुरुवात केली, ती थांबेचना. ओळीनं २८ सामने. एकाच मोसमात एवढे सलग पराभव एनबीएत आधी कुणाच्या वाट्याला आले नव्हते. बरं, प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स काही उधारीवर आणलेला नव्हता. सहा वर्षांचे ७ कोटी ८५ लाख डॉलर कबूल केले होते. प्रेक्षक भर सामन्यात मालकाला उद्देशून ‘संघ विकून टाका’ म्हणून ओरडायला लागले. साहेबांना ही घोषणा पटली नाही. “मालक विकून काय होणार? त्याचा पगार मशीनमध्ये बसत नाही,” ते म्हणाले.

अखेर ३० डिसेंबरच्या रात्री पिस्टन्सनी टोरांटोला १२९-१२७ असं हरवलं. ऑक्टोबरनंतरचा पहिला विजय! साहेबांच्या तळघरात जमलेले आम्ही सगळे सोफ्यावरून उड्या मारत होतो, कुणी पेढ्यांचा डबा उघडला. साहेब कोपऱ्यात संगणकाशी पाठमोरे. त्याच दिवशी टोरांटोनं ओजी आनुनोबीला न्यूयॉर्कला देऊन टाकलं होतं, आणि साहेब हळहळत होते, “एवढ्यात तर आपणही घेतला असता!” केड कनिंगहॅमच्या ३० गुणांपैकी त्यांनी किती पाहिले, देव जाणे. दोन महिने ज्या विजयाची वाट पाहिली, तो त्यांच्या पाठीमागून निघून गेला.

फेब्रुवारीत ट्रेडची मुदत संपायच्या दिवशी खरे सौदे झाले. बोयान बोग्दानोविचचा भाव साहेबांनी केव्हाच पुकारून ठेवला होता : पहिल्या फेरीच्या दोन निवडी, एक पैसा कमी नाही. प्रत्यक्षात संघानं बोग्दानोविच आणि अ‍ॅलेक बर्क्स दोघांनाही न्यूयॉर्कला धाडलं, आणि आलं काय? क्वेंटिन ग्राइम्स, आणखी तीन खेळाडू आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी. “माझ्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी बुडाल्या हो!” साहेब सांगत सुटले, जणू पतसंस्थाच बुडाली. त्याहून वर्मी लागला तो किलियन हेज. त्याला साहेबांनी ‘मोलाची भर’ म्हणून बारा गावी पाठवला होता. संघानं त्याला कुणालाच न देता नुसता सोडून दिला. दोन दिवस साहेबांनी मशीन उघडलं नाही. “सुतक आहे,” वहिनींनी फोनवर सांगितलं.

खरी गंमत अशी, की हा माणूस स्वतःच्या घरातली एक वस्तू हलवू देत नाही. विशीतल्या पोराला बायका-मुलांसकट दोन हजार मैलांवर पाठवायला त्यांना दोन मिनिटं लागतात. पण लग्नात मिळालेला मिक्सर, त्याच्या ट्रान्सफॉर्मरसकट, तळघरात तसाच आहे. मोटर जळालेली. “भांडी चांगली आहेत,” साहेब म्हणतात. नोकरी तीच, न्हावी तोच, दंताळं तेच. शेजाऱ्यानं बर्फ ढकलायच्या जुन्या यंत्राच्या बदल्यात बऱ्यापैकी नवं द्यायची तयारी दाखवली, तर हे आठवडाभर विचारात. “तो एवढं चांगलं यंत्र का देतोय? काहीतरी खोट असणार.” समोरचा आपल्याहून हुशार असू शकतो, ही शंका त्यांना फक्त बर्फाच्या बाबतीत येते.

मे महिन्यात ड्राफ्टचा क्रम ठरवणारी लॉटरी झाली. शेवटी आलेल्या संघाला पहिली निवड मिळायची शक्यता फक्त १४ टक्के; तरी साहेबांनी देवापुढे निरांजन लावलं. ६८ सामने हरून पिस्टन्स पाचवे. त्याआधीच्या वर्षीही पाचवे, त्याच्या आधीही पाचवे. “लॉटरीसुद्धा स्थिर नोकरीत आहे,” वहिनी म्हणाल्या.

आणि मग साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली : संघ सुधारला. नवे व्यवस्थापक ट्रेजन लँग्डन आले, प्रशिक्षक बदलला, टोबायस हॅरिस, मलिक बीस्ली अशी मुरलेली मंडळी आली. ग्राइम्सला डॅलसला देऊन टिम हार्डवे ज्युनिअर आणि वर दुसऱ्या फेरीच्या तीन निवडी मिळवल्या. “हा माझाच ट्रेड,” साहेब म्हणाले, आणि ते खोटंही नसेल. लीगमधला बहुतेक प्रत्येक खेळाडू त्यांनी कधी ना कधी आणलेला आहे. पण गाभा तोच राहिला. कनिंगहॅम, ड्युरेन, ऑसार थॉम्पसन, ज्यांना साहेबांनी कित्येकदा बोहल्यावर चढवलं होतं, ती पोरं जागच्या जागी मोठी झाली. आदल्या वर्षी १४ सामने जिंकलेला संघ २०२४-२५ मध्ये ४४ जिंकला. पूर्ण लांबीच्या मोसमांचा हिशेब धरला, तर एका वर्षात विजय तिप्पट करणारा एनबीएतला हा पहिलाच संघ.

प्लेऑफमध्ये गाठ पडली न्यूयॉर्कशी. वहिनींचा भाऊ न्यू जर्सीत राहतो, हाडाचा निक्सवाला. मालिका चालू असतानाच त्यानं फोनवर सहज म्हटलं, “दाजी, तो ड्युरेन आम्हाला द्या. बदल्यात बाकावरचे दोघं देतो, वर दुसऱ्या फेरीची निवड.”

साहेब ताडकन उठले. “शुद्धीवर आहेस का? एकवीस वर्षांचा मुलगा आहे तो! आणि यात आम्हाला काय पडतं?”

हा प्रश्न आपण कुणाच्या तोंडून ऐकला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं. त्या स्वयंपाकघरातून चटणी वाटता वाटता बाहेर आल्या. हातात खलबत्ता, कारण मिक्सर तळघरात.

“अहो, ड्युरेन राहू दे. उद्या मला कुणी मागितलं तर?”

साहेब पटकन बोलले. पटकन बोलल्याबद्दल त्यांचं कौतुक केलं पाहिजे. “तुझ्यावर नो-ट्रेड क्लॉज आहे!”

वहिनी वीस वर्षं याच घरात जेवण वाढताहेत. नियम त्यांनाही पाठ आहेत. “तो ब्रॅडली बील होता ना वॉशिंग्टनचा? त्याच्याकडेही होता. त्यानं स्वतःच सोडला आणि गेला फिनिक्सला. म्हणजे क्लॉज संघाचा नसतो, खेळाडूचा असतो. सोडायचा की ठेवायचा, हे मी ठरवायचं. बरोबर?”

साहेबांनी नियम मनात तपासून पाहिला. बरोबर होता.

दुसऱ्याच दिवशी घरात नवा मिक्सर आला. सौदा दोघांनाही परवडला असावा. निदान अजून मोडलेला नाही.