गुहागरला दुरुस्त होईल अशी

लांब पल्ल्याची सायकल घ्यायला गेलं की दुकानातला मुलगा आधी तिचं वजन सांगतो. कार्बनची फ्रेम आहे सर, दोन बोटांवर उचलते. मला सायकल बोटांवर उचलून रेवसहून रेडीला न्यायची नसते, तिच्यावर बसून जायचं असतं. आणि माझं वजन मला ठाऊक आहे.

माझा प्रश्न एवढाच : ही गुहागरच्या अलीकडे मोडली, तर गुहागरला दुरुस्त होईल का? म्हणून फ्रेम पोलादाची. खिडक्यांची ग्रिलं करणारा वेल्डर तालुक्याला असतोच, तो चार टाके घालून देतो. कार्बनला तडा गेला तर तो हात जोडतो. ब्रेक वायरचे. व्हॉल्व्ह मोटारसायकलला असतो तो, म्हणजे कुठलाही पंक्चरवाला हवा भरू शकतो. (तो ट्रकच्या हिशोबाने भरतो, तेव्हा शेजारी उभं राहावं.) टायर ४० मिलिमीटरचे, चाकाला ३६ स्पोक. तुटणारा स्पोक बहुधा मागच्या चाकाचा, गिअरच्या बाजूचाच असतो, कारण ओझं तिथे आणि ताणही त्याच बाजूला जास्त. बदलायला गिअरची चक्रं उतरवावी लागतात. त्यांचा पाना सोबत ठेवा. तो गुहागरला मिळत नाही.

गिअरबाबत मात्र लाज सोडावी. सागरी रस्ता नावालाच सागरी. खाडी आली की उतरतो आणि लगेच सड्यावर चढतो. पुढे २२ दात, मागे ३४. पायडल एकदा फिरवलं की चाक पाऊण फेराही पुरा करत नाही, वेग ताशी ५ किलोमीटर. शाळेतून घरी चाललेली मुलं सोबत चालत चौकशी करतात. चालत्या सायकलवर मुलाखत देता येणं ही सोय महागड्या सायकलींत नाही.

ही सायकल सगळ्या कामांना चालते, असं घरात बोलून ठेवलं होतं. तेव्हापासून दळण तिच्यावर येतं. कॅरिअरच्या एका पिशवीत पाच किलो पीठ टाकलं की सायकल तिकडे ओढते, म्हणून दुसरीकडे पाच किलो कांदे घ्यावे लागतात. "अहो, कांदे आहेत की घरात," हे वाक्य समतोलाचं गणित माहीत नसल्यामुळे येतं.

साखळीची निगा हा खरा संसार. कोकणातली खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ मिळून तिच्यात उत्तम पॉलिशपेपर तयार होतो. रॉकेल हल्ली मिळत नाही, डिझेलवर भागवतो. टूथब्रश कुणाचा, हे मी विचारत नाही. बारा इंच साखळी फूटपट्टीवर एक सूतभर का होईना जास्त भरली, तर ती केव्हाच जायला हवी होती असं समजावं. पिना झिजलेल्या असतात आणि साखळी मागची महागडी चक्रं खाऊ लागते.

इतकं सगळं जुळवून एकदा खरोखरच एका टपरीवर पंक्चर काढायला थांबलो. पंक्चरवाल्याने घमेल्यात ट्यूब बुडवता बुडवता सायकल वरपासून खालपर्यंत पाहिली. वेल्डिंग पाहिलं, व्हॉल्व्ह पाहिला, मान डोलावली.

"स्टँड कुठाय?"

मी सांगितलं, की फ्रेमची नळी पातळ असते, सामानाच्या भाराने स्टँडचा क्लॅम्प तिला चेपतो, म्हणून लावत नाहीत.

"म्हणजे," तो ट्यूब पुसत म्हणाला, "अजून काम बाकी आहे तर."