सव्वा लाखाची पायपीट

ज्यांनी मावळात किल्ले बांधले आणि ज्यांनी त्यांच्याही कितीतरी शतकं आधी लेणी खोदली, त्या दोन्ही मंडळींना एक माणूस सारखाच नकोसा होता, तो म्हणजे चाकांवर बसून येणारा. किल्लेदाराला तोफगाडा नको होता आणि भिक्खूंना गलबला नको होता, म्हणून दोघांनीही आपापला संसार कड्याच्या पोटात किंवा डोक्यावर मांडला आणि मधे भरपूर पायऱ्या ठेवल्या. शाळेच्या सहलीला गेलेल्या पोराला हे पहिल्या पन्नास पायऱ्यांत कळतं. मला कळायला सव्वा लाखाची सायकल घ्यावी लागली.

हा आकडा तुमच्यामाझ्यात राहू द्या. घरी साठ हजार सांगितलेत.

ग्रॅव्हल बाईक हे नाव आमच्या घरात भाच्याने आणलं. रेसच्या सायकलचं खाली वळलेलं हँडल, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटर रुंद, खडबडीत. पुढे एकच दातेरी चक्र, मागे परातीएवढं. डिस्क ब्रेक, आणि स्टँड, घंटी, मडगार्ड यांपैकी काहीही नाही. "मामा, खडी असू दे, मुरूम असू दे, पायवाट असू दे, ही कुठंही जाते," असं तो म्हणाला. ते खरंच होतं. तिच्यावर कोण बसणार याचा उल्लेख त्याने केला नाही, हा त्याच्यावरच्या संस्कारांचा भाग.

मार्गही त्यानेच फोनवर आखून दिला. माळवली स्टेशन, भाजे, गायमुख खिंड, लोहगडवाडी, दुधिवरे खिंड, पवनानगर, बेडसे आणि कामशेत. नकाशात हा सगळा प्रकार तळहाताएवढा दिसतो, आणि मधे एक निळं तळं. बायकोने नकाशा पाहिला, मला पाहिलं आणि डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या.

चिंचवडहून सकाळच्या लोकलच्या मालडब्यात चढलो तर आत रिकामे कॅन घेऊन परतणारे दूधवाले. त्यातल्या एकाने सायकलला पुढून, मागून आणि खाली वाकून असं पाहिलं की मला उगीच अवघडल्यासारखं झालं. मग चौकशी. स्टँड? नाही. कॅरियर? नाही. मडगार्ड? नाही. "मग पैशे कशाचे घेतले?" मी घरचा आकडा सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला, कॅनच्या झाकणावर बोटांनी ताल धरला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "अजून थोडं घातलं असतं तर म्हैस आली असती." खऱ्या किमतीत म्हैस येऊन वर पेंडीचीही सोय झाली असती, हे मी सांगितलं नाही.

माळवलीला उतरून भाज्यापर्यंत मी अत्यंत रुबाबात गेलो. रस्ता सपाट आहे. भाज्याची बावीस लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. तिथल्या चैत्यगृहाच्या दगडी कमानीला आतून लाकडाच्या फासळ्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी अजून मूळच्या आहेत. दोन हजार वर्षं ते लाकूड तसंच टिकून आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार दिवाळीला बसवलं ते होळीला निखळलं. हा विचार मी खालून, सायकल धरून केला. स्टँड नसलेली वस्तू घेऊन माणूस कुठलंही लेणं पाहू शकत नाही.

भाज्याहून लोहगडवाडीकडे जाणारा चढ हा चढ नाही, तो अपमान आहे. माझे बूट पेडलमध्ये खटका दाबून अडकणारे होते. टाच बाहेर फिरवली की पाय सुटतो, असं दुकानात सांगितलं होतं, आणि दुकानातल्या सायकलवर तो सुटतही होता. चढावर मात्र मी सगळ्यात हलका गिअर टाकला, पाय भराभर फिरू लागले, सायकल जवळजवळ जागच्या जागी उभी राहिली आणि वळणावर ताक विकत बसलेल्या आजींकडे पाहून मी हसून मान हलवत असतानाच सगळा व्यवहार थांबला. टाच कुठल्या बाजूला फिरवायची हे आठवेपर्यंत मी उलट्या झुरळासारखा रस्त्यात पडलो होतो, दोन्ही पाय सायकलला घट्ट. आजी उठल्या नाहीत. ग्लासात ताक ओतता ओतता म्हणाल्या, "आधी उतरायचं की रं बाबा, मग पडायचं."

त्यापुढची गायमुख खिंड मी सायकल ढकलत गाठली. एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर. विसापूर थोडा जास्त उंच. १८१८ साली इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, आणि मग समोरच्या उंचीवर शत्रू बसल्यावर लोहगडाला फार काही करता येण्यासारखं राहिलं नाही. खिंडीत दम खात उभं राहिलं की हे युद्धशास्त्र पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर समजतं, कारण आपणही त्या क्षणी शरण जायला तयारच असतो.

लोहगडवाडीत एका हॉटेलच्या भिंतीला सायकल टेकवली, मालकाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि गडाच्या पायऱ्या चढू लागलो. इथे पुन्हा त्या बुटांचा विषय निघतो. चालता येतील असे, खटका तळव्यात आत बसवलेले बूटही मिळतात. माझे सेलमध्ये स्वस्त मिळालेले, नुसत्या डांबरी शर्यतीचे, त्यामुळे खटका बाहेर. दगडावर ते वाजतात आणि घसरतात. लोहगडाची वाट अशी वळणावळणाने नेली आहे की खालच्याला वरचा दिसत नाही आणि एकेका वळणावर एकेक दरवाजा उभा आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. कठड्याला धरून, टाच आपटत, खट् खट् खट् करत मी नारायण दरवाज्यापाशी पोहोचलो तर पुढची सहलीची मुलं भिंतीला चिकटून वाट मोकळी करून उभी. बाईंनीच त्यांना बाजूला घेतलं होतं. त्यांना वाटलं, खालून घोडा येतोय.

घोड्याऐवजी सायकलची चड्डी घातलेला मी उगवल्यावर त्या पोरांच्या चेहऱ्यावरची निराशा मी विसरू शकत नाही. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. माझी तिथली एंट्री त्या दर्जाला साजेशी नव्हती.

वर विंचूकाट्याच्या सोंडेकडे पाहत डबा उघडला. जास्तीच्या दोन्ही पोळ्या संपवल्या. पुरंदरच्या तहात १६६५ साली हा गड मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला गेला, ही हकीकत आठवून जरा बरं वाटलं. एकदा सोडून पुन्हा घ्यायची इथे पद्धतच आहे म्हणून मी सायकलकडे परत गेलो.

आणि मग खरं सांगतो, दुधिवरे खिंडीकडे उतरताना जे काही झालं त्यासाठी सव्वाचे दीड लाखही दिले असते. लाल मुरूम, कडेला पिवळं पडलेलं गवत, चाकाखाली बारीक खडीची सरसर, समोर पवनेचं पाणी आणि त्यापलीकडे तिकोना त्याच्या नावाइतकाच त्रिकोणी. डोंगराला उतरणीचं फार महत्त्व आहे, कारण तिच्यात आपल्या अंगच्या गुणांची काही गरज पडत नाही. मी मोठ्याने ओरडलोसुद्धा. तोंड उघडं होतं म्हणून धूळ आत गेली, खोकण्यासाठी कडेला घेतली, आणि कडेला बाभूळ होती.

या टायरात ट्यूब नसते. आत पांढरा द्रव असतो, भोक पडलं की तो तिथे साकळून भोक बुजवतो. भोक जरा मोठं असलं तर तो आधी बाहेर येतो आणि चाक फिरत असेल तर चोहीकडे जातो. पवनानगरच्या पंक्चरवाल्यासमोर मी उभा राहिलो तेव्हा माझी चड्डी, चष्मा आणि मिशी यांवर त्या द्रवाचे थेंब सुकले होते. त्याने टायरावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "ट्यूब न्हाई? मग काय भरलंय, दूध?" त्याच्या पंपाचं तोंड माझ्या व्हॉल्व्हला बसेना. त्यासाठी नखाएवढी पितळी टोपी लागते. ती माझ्याकडे आहे. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये.

समोर धरण तुडुंब भरलेलं आणि माझी बाटली कोरडी. हेच पाणी रावेतहून उचलून आमच्या चिंचवडच्या नळाला येतं. घरात बसून मिळत होतं.

१७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर निघाली होती, हजारो बैल आणि जड तोफा घेऊन. कार्ल्यापर्यंत यायला तिने इतके दिवस लावले की मराठ्यांना तयारीला भरपूर सवड मिळाली. कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट, आपला इष्टुर फाकडा, पडला. पुढे तळेगावाहून रातोरात माघार घेताना त्यांनी जड तोफा तिथल्या तळ्यात टाकून दिल्या, आणि वडगावात तह करावा लागला. शाळेत असताना मला हे हास्यास्पद वाटायचं. पवनेच्या काठावर, सायकलचं हँडल हातात धरून मी त्या साहेबांविषयी बराच वेळ आदराने विचार केला.

शेवटी इंद्रायणी तांदळाची पोती नेणारा छोटा हत्ती मिळाला. सायकल पोत्यांवर, मी चालकाशेजारी. बेडशाच्या फाट्यावर त्याने गाडी आपण होऊन थांबवली. "आलाच आहात तर वर जाऊन या, मी चहा घेतो." सुमारे चारशे पायऱ्या आहेत. बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर चढलो. वरचे उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावर घोड्यांवर, हत्तींवर बसलेल्या जोडप्यांची शिल्पं पाहताना एवढंच जाणवलं की या डोंगरात वाहनासकट वर पोहोचलेली ही पहिली माणसं, आणि तीसुद्धा दगडाची.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर अवश्य जा. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी नको, तेव्हा भाज्याच्या धबधब्याला चालायलाही जागा नसते, दिवाळीनंतर जा. रबरी तळव्याचे साधे बूट घाला, पितळी टोपी खिशात ठेवा आणि आजींचं ताक चढाच्या आधी प्या, नंतर नाही. सायकल हवी असेल तर माझी घेऊन जा, भाडं नको. फक्त आणायला आलात की बायकोसमोर किमतीचा विषय काढू नका.