पाच एमी आणि एक गोळी

डेप्युटी शेरीफ बार्नी फाइफच्या कमरेला पिस्तूल असतं, पण रिकामं. त्याला गोळी मिळते एकच आणि तीही शर्टाच्या खिशात ठेवायची, असा साहेबांचा हुकूम. कारण उघड आहे. गोळी पिस्तुलात गेली की ती सुटणारच, आणि लागणार छताला नाहीतर जमिनीला.

बार्नी ज्या ‘द अँडी ग्रिफिथ शो’मधला, ती अमेरिकन मालिका १९६० ते १९६८ अशी चालली. मी ती घरातले झोपल्यावर बघतो, कारण फोनकडे बघून एकट्यानं हसणाऱ्या माणसाकडे आमच्याकडे संशयानं पाहतात.

मालिका ग्रिफिथची. नाव त्याचं, शेरीफ तो, शहाणपणही त्याचंच. विनोदसुद्धा त्यानंच करायचा असा मूळ बेत होता. पण बार्नीच्या भूमिकेत डॉन नॉट्स आला. अगदी पाप्याचं पितर, बटबटीत डोळ्यांचा. याच्या शेजारी उभं राहून आपण हशे मागण्यात अर्थ नाही, हे ग्रिफिथनं लवकरच ओळखलं आणि तो सरळ बाजूला झाला. नायकाला हे सुचावं? आपल्या हौशी रंगभूमीवर नोकराला जास्त टाळ्या पडल्या, तर पुढच्या प्रयोगात नोकर रजेवर जातो!

एका भागात बार्नी फुशारकी मारतो, की शाळेत पाठ केलेली राज्यघटनेची उद्देशिका आपल्याला अजून तोंडपाठ आहे. अँडी म्हणतो, होऊन जाऊ दे. बार्नी सरसावून बसतो, घसा खाकरतो आणि गप्प. अँडी पहिला शब्द पुटपुटतो, बार्नी तो झोकात म्हणतो. मग दुसरा शब्द, तिसरा. पुढेपुढे तर अँडीच्या ओठांकडे बघत अक्षरं जुळवणं चालतं. अख्खी उद्देशिका अँडीच म्हणतो आणि शेवटी तृप्त होतो बार्नी!

या भूमिकेनं नॉट्सला सहायक अभिनेत्याची पाच एमी, म्हणजे टीव्हीची मानाची पारितोषिकं दिली. त्यातली शेवटची दोन तर नोकरी सोडल्यावरची. पाच वर्षांनी दुकान बंद करणार, असं ग्रिफिथ म्हणत होता म्हणून नॉट्सनं युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीशी सिनेमांचा करार केला, आणि मग ग्रिफिथचा विचार बदलला. नॉट्स १९६५ साली गेला, अधूनमधून पाहुणा म्हणून परत आला आणि तेवढ्यावरही १९६६ आणि १९६७ ची एमी घेऊन गेला. आमच्याकडे निवृत्त माणसाला कचेरीत चहासुद्धा विचारत नाहीत.

ग्रिफिथला जन्मात एकही एमी मिळालं नाही. तो उद्देशिकेचा प्रसंग मिळाला तर दोनदा बघा. पहिल्यांदा बार्नीकडे बघाल, त्याला इलाज नाही. दुसऱ्यांदा मात्र फक्त ग्रिफिथकडे बघा.