मॉड्यूलवाले सर

सरांना आपत्ती आवडते असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण हवामान खात्यानं यलो अलर्ट दिला की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते वऱ्हाडात एरवी कापसाला भाव मिळाल्यावरच दिसतं. म्हणजे क्वचितच.

राहतात अमरावतीत, सापडतात अकोल्यात. काम काय करता विचारलं तर म्हणतात, "मदतकार्यातल्या कार्यकर्त्यांसाठी डिजिटल आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण डिझाइन करतो." हे ऐकेपर्यंत मूर्तिजापूर येतं. ज्या रस्त्यानं ते ये-जा करतात, त्या अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. सरांचं पहिलं मॉड्यूल त्याच्या आधीपासून सुरू आहे. 'फायनल' झालं, 'फायनल नवीन' झालं, सध्या 'फायनल खरंच शेवटचं' चालू आहे.

समोर बसतात आशाताई, एनएसएसची पोरं, गणेश मंडळाचे दोघेचौघे आणि एक कोतवाल. सर आल्या आल्या क्यूआर कोड दाखवतात. आधी हजेरी, मग पूर्वचाचणी. कोणाचा रिचार्ज संपलेला, कोणाचा साधाच फोन. शेजारच्याच्या हॉटस्पॉटवर सगळ्यांची हजेरी लागेस्तोवर चहा येतो. मग स्लाइड. पहिली किल्लारीच्या भूकंपाची, 30 सप्टेंबर 1993. दुसरी 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची. तिसरी त्सुनामीची.

"सर, मोर्णेत त्सुनामी येते का जी?" कोतवाल विचारतो. समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या पल्याड.

"टेम्प्लेटमध्ये आहे," सर शांतपणे सांगतात.

जुलै 2021 मध्ये त्याच मोर्णा नदीचं पाणी अकोल्यात लोकांच्या घरात शिरलं होतं. त्याची स्लाइड नाही. फोटोचं रिझोल्यूशन कमी पडलं.

सरांचा जीव मात्र दामिनी ॲपवर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं हे ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा मोबाईलवर देतं. चांगली गोष्ट आहे. शेतात राबणारी कितीतरी माणसं दरवर्षी विजेनं जातात. सर ते अर्धा तास रंगून समजावतात. शेवटी मागच्या रांगेतल्या एक आशाताई उठतात.

"सर, गडगडाले लागलं का वावरातल्या बाया मोबाईल बंद करून ठेवतात. वीज ओढते म्हंतात. मंग दामिनी सांगन कोनाले?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येतो. मोबाईल वीज ओढत नाही, झाडाखाली मात्र थांबू नका, एवढं सांगितलं असतं तरी दिवस सार्थकी लागला असता. पण सरांना प्रश्नच इतका आवडतो की ते उत्तर द्यायचं विसरतात.

"फार छान मुद्दा! हा आपण मॉड्यूल चारमध्ये घेतलाय."

मॉड्यूल चार अजून झालेलं नाही.

अकोला जिल्ह्यातल्या पिंजरचं संत गाडगेबाबांच्या नावाचं शोध व बचाव पथक आहे. बुडालेल्यांना शोधायला नदीत, विहिरीत, धरणात उतरणारी माणसं. त्यांचा विषय निघाला की सर आदरानं चष्मा काढतात. "काम मोठंच आहे हो. पण डॉक्युमेंटेशन कमी पडतं."

स्वतः सर त्यात कुठे कमी पडत नाहीत. प्रत्येक तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यावर सुप्रभात, गजानन महाराज आणि सोयाबीनचे भाव येऊ लागले, तेव्हा सरांनी 'फक्त ॲडमिन'ची कळ दाबली. तेव्हापासून ग्रुपवर शिस्त आहे.

पुढच्याच पावसाळ्यात एका रात्री त्याच आशाताईंनी थेट फोन लावला. "सर, नाल्याचं पानी वाढून रायलं. ग्रुपवर टाकताच येत नाही जी!"

सरांनी क्षणाचाही विलंब न लावता ग्रुपवर टाकलं : 'सर्वांनी सतर्क राहावे. कृपया घाबरून ग्रुपवर मेसेज टाकू नयेत.'

ताईंनी मग 1077वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवलं, कोतवालाला उठवलं आणि नाल्याकाठची घरं शाळेत हलवली.

सकाळी नऊला सर हजर. गमबूट, जॅकेट, टॅब.

"शाब्बास ताई! लोकांना हलवतानाचा एखादा फोटो?"

"फोटो कोन काढन जी? दोन्ही हातात पोट्टे होते."

सरांनी आभाळाकडे पाहिलं. पाऊस थांबून ऊन पडलं होतं.

"मग आता परत एकदा हलवता येतील का? उजेड छान आहे."