पाटल्या गेल्या तारणाला!

"काकू, कळलं का?" शैलानं भिंतीवर कोपर टेकवून आवाज खाली आणला, तेव्हाच मी पाण्याचा पाइप बाजूला टाकला. "कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या सुनेनं पाटल्या गहाण ठेवल्या."

"कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायला कशाला हवं? सासऱ्यांचा हयातीचा दाखला द्यायला गेले होते ना बँकेत, तर ही बया सोनेतारणाच्या खिडकीशी उभी. मला बघितलं आणि लगेच मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. सासूनं लग्नात घातलेल्या पाटल्या हो! मास्तरीणबाईंना कळलं तर चार दिवस जेवायच्या नाहीत."

"आणि कशापायी?"

"तेच तर! आजारपण नाही, फी नाही. दुकानाचं कार्ड भरायला! त्या मॉलमध्ये कपड्यांचं दुकान नाही का, बिल करताना मुलगी विचारते, मॅडम, आमचं कार्ड काढलंत तर आजच्या बिलावर सूट. हिनं काढलं. मग पडदे, मग दिवाळी, मग नणंदेच्या मुलाची मुंज. ऐंशी हजार झाले म्हणे. माझ्या जावेची भाची तिच्याबरोबर कामाला आहे, तिनं सांगितलं."

"मग शहाणी आहे पोर," मी म्हटलं.

शैलानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाटल्या मीच विकून खाल्ल्या. पण माझी निम्मी नोकरी त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला गेली आहे. तिथं येणारी बाई दागिन्यांची पुरचुंडी सोडताना आधी मागं वळून बघते, ओळखीचं कोणी आहे का. तीच बाई दुकानात कार्ड घासताना मात्र कोणाला भीत नाही.

"कर्ज फेडायला कर्ज? हे आगीतून फुफाट्यातच की, काकू."

"व्याज किती ते विचारलंस? कार्डावर दुकानाचं नाव असलं तरी मागं बँकच असते. थकलं की महिन्याला साडेतीन टक्के. आपल्या भाषेत शेकडा साडेतीन. बाजारपेठेतला कोणी तुला शेकडा साडेतीननं पैसे देतो म्हणाला तर काय म्हणशील?"

"रक्तपिपासू म्हणेन."

"आपल्याकडे परवान्याच्या सावकारालासुद्धा शेतकरी सोडून इतरांकडून विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. २०१४ चा कायदा आहे. कार्डाचे मात्र बेचाळीस. ग्राहक आयोगानं २००८ मध्ये तीस टक्क्यांची हद्द घातली होती, ती सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये उठवली. म्हणजे तिथं आता वरचं झाकणच नाही."

"तरी ती दर महिन्याला भरत होती हो. जावेची भाची म्हणाली, एक हप्ता चुकवला नाही."

"काय भरत होती? खाली 'किमान देय' लिहिलेलं असतं, तेवढंच ना? मोबाइल काढ, कर हिशेब. ऐंशी हजारावर साडेतीन टक्के."

"अठ्ठावीसशे."

"त्यावर जीएसटी, अठरा टक्के."

"व्याजावरसुद्धा?"

"कार्डाच्या व्याजावर लागतो. साध्या कर्जाच्या व्याजावर नाही. ही गोम फार जणांना ठाऊक नसते."

"पाचशे चार. झाले तेहतीसशे चार."

"किमान देय पाच टक्के धर, म्हणजे चार हजार. त्यातनं मुद्दल फिटलं किती?"

शैला दोनदा बोट फिरवून थांबली. "सहाशे शहाण्णव?"

"आणि हे नवीन काही घेतलं नाही तर. मागचं थकलेलं असलं की बिनव्याजी मुदत जाते. आज घेतलेल्या टॉवेलवर आजपासून व्याज."

"अगंबाई! आणि आमच्या ह्यांना वाटतं पन्नास दिवस फुकट असतात."

"पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला असतात. आता पाटल्यांचं बघ. सरकारी बँकेत सोनेतारण साधारण नऊ टक्क्यांच्या आसपास मिळतं. ऐंशी हजारावर पहिल्या महिन्याचं व्याज सहाशे रुपये. तेच चार हजार ती इथं भरत राहिली तर बावीस महिन्यांत कर्ज संपतं, एकूण अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आत. कार्डावर दरमहा तेवढेच नेमानं भरले असते तर साडेतीन वर्षांच्या वर लागली असती आणि पावणेदोन लाखांच्या आसपास गेले असते."

शैला गप्प. हे क्वचित घडतं, म्हणून नोंदवते.

मग तिचं डोकं चालू झालं. "पण ते कार्डवाले फोन करतात ना, हप्त्यात करून देतो म्हणून?"

"करतात. दर निम्म्याच्या खाली येतो, नाही असं नाही. पण प्रक्रिया शुल्क वेगळं, व्याजावर जीएसटी पुन्हा आहेच. दुसऱ्या कार्डावर बाकी हलवून घेणारेही असतात. पहिले थोडे महिने स्वस्त, मुदत संपली की परत तेच. हिच्या नवऱ्याच्या ऑफिसात पतपेढी असती तर तिथून घ्यायचे. तुझ्या सासऱ्यांसारखी एफडी असती तर आणखी बरं, एफडीच्या दरावर टक्का-दोन टक्के जास्त देऊन तारणकर्ज मिळतं, एफडी मोडावी लागत नाही."

"आमच्या एफडीचं नाव काढू नका."

"बरं बाई. पण ज्याच्याकडे जे पडून आहे ते तारण ठेवावं, त्यात लाजायचं काय? पाटल्या कपाटात काय अंडी घालत होत्या?"

"गेल्या तर? लिलाव करतात म्हणे."

ही भीती मात्र खरी, तिला मी हसले नाही. सोनेतारणात पुष्कळदा वर्षाच्या शेवटी मुद्दल-व्याज एकदम भरायचं असतं. वर्षभर हप्ता मागायला कोणी येत नाही, आणि माणूस विसरतो. म्हणून दरमहा स्वतःहून भरत राहायचं. चकचकीत खासगी कंपनीत जायचं तर वर्षाचा दर विचारायचा. तिथं तो सरकारी बँकेच्या दुपटीवरही जातो. वजन नक्त सोन्याचं धरतात, खड्यांचं नाही, घडणावळ तर विसरूनच जायची. दागिना परत मिळायचंही आता बरं झालंय. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे कर्ज फिटल्यावर सात कामाच्या दिवसांत सोनं हातात द्यायचं, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये बँकेनं द्यायचे.

"पाच हजार? मग उशीरच व्हावा!" शैला हसली. मग एकदम आठवल्यासारखी म्हणाली, "पण खरी बातमी पुढंच आहे. शनिवारी तीच ही त्याच दुकानाची पिशवी घेऊन रिक्षातनं उतरली."

"कार्डावर घेतलं?"

"ते कसं कळणार? पिशवी पाहिली."

हे ऐकून मात्र माझा जीव खालीवर झाला. मी खिडकीच्या आत बसून असे बुडालेले पाहिले आहेत. कार्ड सोन्यानं रिकामं केलं, आणि रिकामं दिसलं म्हणून पुन्हा भरलं. मग सोन्याचंही देणं, कार्डाचंही. कर्ज स्वस्तात हलवणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे ते कार्ड बंद करणं.

"कात्रीनं कापलं की झालं ना?"

"कापून प्लॅस्टिक जातं, खातं राहतं. वर्षाची फी लागत राहते. बाकी शून्य करून बंद करायचा अर्ज द्यायचा. सात कामाच्या दिवसांत त्यांनी बंद केलं नाही तर दिवसाला पाचशे रुपये दंड त्यांना आहे, तोही रिझर्व्ह बँकेचाच नियम. आणि 'पन्नास हजार द्या, मिटवून टाकू' असा फोन आला तर मोहात पडायचं नाही. सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा बसतो, मग उद्या घराचं कर्ज मागायला गेलं की तोच कागद पुढं येतो."

"हे सगळं मी तिला कसं सांगू? तिला वाटेल मी बँकेत टपून होते."

"होतीसच की."

"काकू!"

"तिला माझ्याकडे पाठव. आणि मास्तरीणबाईंच्या कानावर घालायचंच असेल, घालशीलच तू, तर अर्धं सांगू नकोस. पाटल्या नऊ टक्क्यांना ठेवल्या हे सांगतेस, तर बेचाळीसचं देणं फेडायला ठेवल्या हेही सांग."