घरच्यालाच दार बंद

टॉमटॉम या डच कंपनीच्या दिशादर्शक यंत्रांच्या पोटात वर्षानुवर्षं लिनक्सच नांदत आलं. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टनं कंपनीला कोर्टात खेचलं, तेव्हा दाव्यात लिनक्सचा गाभा असलेलं कर्नलही होतं. पुढे तडजोड झाली. ज्याच्यापायी कोर्टाची पायरी चढावी लागली, त्याच लिनक्सचा लॅपटॉप घेऊन नकाशे ताजे करायला बसा, तर कंपनीचा प्रोग्रॅम फक्त विंडोज आणि मॅकसाठी! जावई घरात, व्याह्यांना मात्र उंबरठा बंद.

मग खटपट सुरू. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज बसवायचं, यूएसबी त्याच्या हवाली करायची. दिशादर्शक यंत्र मध्येच रीस्टार्ट झालं की जोडणी तुटते. पुन्हा व्हर्च्युअल मशीनच्या मेनूत शिरून टिचकी मारा. एक नवा उड्डाणपूल नकाशात दिसावा म्हणून हा द्राविडी प्राणायाम!

गार्मिन कंपनीची दिशादर्शक यंत्रं वापरणाऱ्यांचं त्यातल्या त्यात बरं. लिनक्ससाठी अधिकृत प्रोग्रॅम तिथंही नाही. पण बऱ्याच यंत्रांत ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून बनवलेली ‘जीमॅपसप डॉट आयएमजी’ फाइल यंत्रातल्या गार्मिन फोल्डरात टाकली की काम फत्ते. ना विंडोज लागतं, ना कुणाची मेहेरबानी. जुन्या फाइलींची प्रत तेवढी आधी काढून ठेवा.